सुखात ठेवलेले जिवाणू

६ जानेवारी

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. या संस्थेत एकतीस वर्षं काढली, पण संचालकाच्या केबिनमध्ये मला खुर्ची मिळाल्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन्ही वेळा काहीतरी वाईटच ऐकायला मिळालं होतं, म्हणून मी कडेला टेकूनच बसले.

काम असं निघालं, की झिपरीने जो शोध लावलाय तो खरा आहे का, हे मी स्वतः करून बघायचं. झिपरी म्हणजे वनस्पतिरोग विभागातली ती डॉक्टरेट करणारी मुलगी. तिला चांगलं नाव आहे, पण जी मुलगी पेटत्या बर्नरशेजारी केस मोकळे सोडून बसते तिला मी दुसरं काही म्हणणार नाही. तिचा प्रबंध जमा झालाय. पदवी मिळाली की तिला इथेच कायमची जागा मिळणार आहे. मध्येच बाहेरच्या एका परीक्षकाने शंका काढली, की आकडे जरा जास्तच छान आहेत.

"तुम्हालाच सांगतोय, कारण तुम्ही कोणाच्याच बाजूच्या नाही," साहेब म्हणाले.

खरं आहे. मला कोणीच आवडत नाही.

७ जानेवारी

तिचं म्हणणं इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी शब्द फिरवायला नको. फळझाडांच्या फांद्या जळल्यासारख्या करून टाकणारा एक जिवाणू आहे. त्यावर औषध फवारतात. एका बागेत औषध दहापट केलं तरी तो मेला नाही. झिपरीने तो आणून तपासला. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो नवीन काहीच शिकलेला नव्हता. आत आलेलं औषध बाहेर फेकायचं एक जनुक त्याच्याकडे पहिल्यापासून असतं, याने त्याच्याच अठरा प्रती करून एकापुढे एक लावून ठेवल्या होत्या. जिथे एक पंप चालायचा तिथे अठरा चालू.

गेल्या मे महिन्यात तिने तो जिवाणू माझ्याकडे ठेवायला दिला. संस्थेतले सगळे जिवाणू माझ्या कपाटात राहतात. चौदाशे बारा प्रकार आहेत. माझ्या मागे मला कपाटवाली म्हणतात, ते मला माहीत आहे.

माझी पद्धत कधी बदललेली नाही. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पालट करते, म्हणजे जुन्या प्लेटवरून उचलून नव्या प्लेटवर. अन्न साधं, पौष्टिक. औषधाचा थेंब नाही. प्लेटवर ठिपके उगवतात, आम्ही त्यांना कॉलनी म्हणतो, त्यातली सगळ्यात मोठी, टपोरी निवडून उचलायची. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, जिवाणू जगवायचे असतील तर त्यांना सुखात ठेवा. आजकाल सगळे उठसूट फ्रीजरमध्ये टाकतात. नियम आहे म्हणून मीही प्रत्येकाच्या दोन कुप्या सीलबंद करून फ्रीजरमध्ये ठेवते, पण ते माझ्या लेखी शवागार आहे. आजवर त्यातली एकही उघडायची वेळ आली नाही.

१३ जानेवारी

मेला. दहापट औषध राहू दे, नेहमीच्या मात्रेलाच मेला. तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा प्लेट घासून पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. प्रती मोजायच्या यंत्रावर घातला, उत्तर आलं एक. अठरा कुठल्या, दोनही नाहीत.

मला आनंद झाला. लिहायला लाज कशाला? ही पोरगी जिना चढताना गाणं गुणगुणते, दुसऱ्याच वर्षी तिला परदेशी बोलावणं आलं होतं, आणि मला बघून ती अशी हसते जशी काही मी तिची मावशी आहे.

१५ जानेवारी

ती आली होती. बातमी पोचलेली दिसली. केस बांधलेले होते.

"मॅडम, तुम्ही नमुना कुठून घेतला?"

"कपाटातून. दुसरीकडून कुठून घेणार?"

"मे महिन्यापासून साध्याच प्लेटवर होता का तो? औषधाच्या प्लेटवर नव्हता?"

"माझ्या कपाटात कोणाला विष मिळत नाही."

"मग त्याने प्रती टाकून दिल्या असतील, मॅडम. औषध नसलं की त्या नुसतं ओझं होतात. माझ्या पाचव्या प्रकरणात सगळं…"

"म्हणजे मला सांभाळता येत नाही, असं ना?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेयस. मी हे काम सुरू केलं तेव्हा तू बालवाडीत पाटीवर रेघोट्या मारत असशील. ऊठ."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मॅडम, प्लीज पाचवं प्रकरण तेवढं बघा."

मी बघणार नाही. मला जिवाणू तपासायला सांगितलंय, तिचे निबंध नाही.

२० जानेवारी

अहवाल दिला. छापील नमुना असतो, रकाने भरायचे. नमुना कसा सांभाळला, या रकान्यात लिहिलं, प्रमाणित पद्धतीने. खाली निष्कर्ष लिहिला, दावा सिद्ध होत नाही. मग आणखी एक वाक्य लिहिलं, मूळ नोंदी संशयास्पद वाटतात.

घरी ह्यांना वाचून दाखवलं. हे चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता दिवसभर घरात बसून माझ्या चुका काढायला मोकळे.

"दुसरं वाक्य कोणी विचारलं होतं?" हे म्हणाले.

"मला जे वाटलं ते लिहिलं."

"ती जिवाणूंबद्दल बोलत होती. तू तिच्याबद्दल लिहिलंयस."

चित्रकलेच्या शिक्षकाने विज्ञानात अक्कल पाजळू नये, असं मी सांगितलं. हे हसले आणि चहा टाकायला उठले. ह्यांना चिडताच येत नाही, त्यामुळे भांडणात सगळं काम मलाच करावं लागतं.

२ फेब्रुवारी

समिती बसली. पाच जण, मध्ये साहेब. झिपरी एकटीच टेबलाच्या टोकाला. तिचे मार्गदर्शक आजारी पडले म्हणे. बरोबर आजच.

ती पुन्हा तेच म्हणाली, त्याने प्रती टाकून दिल्या असतील, खात्रीसाठी फ्रीजरमधली कुपी उघडा. मे महिन्यात ठेवलेली आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. साहेबांनी मला विचारलं, "कुपीतला आणि कपाटातला वेगळा आहे का?"

मी म्हटलं, "एकच नमुना. एकाच दिवशी, एकाच नळीतून, माझ्या हाताने घातलेला."

यातला शब्दन् शब्द खरा आहे.

"मग वेगळं काय निघणार?" साहेब म्हणाले, आणि मुद्दा तिथेच मिटला. झिपरी माझ्याकडे बघत राहिली. मी पण बघितलं, मी का नजर चोरू?

पदवी थांबवली. निलंबन. अपील करायला मुदत आहे. बाहेर पडताना लेखनिक बाई मला म्हणाल्या, "बरं केलंत, तुमच्यामुळे संस्थेचं नाक वाचलं." ह्याच बाई महिन्याभरापूर्वी झिपरीला आपल्या डब्यातलं खायला घालत होत्या.

५ फेब्रुवारी

ह्यांनी आज फुलांचा विषय काढला. तीस वर्षं जी गोष्ट मी कोणाला काढू देत नाही ती.

एकदाच लिहिते. या संस्थेत मी आधी फुलांच्या विभागात होते. एका फुलझाडाचा जांभळा रंग आणखी गडद करायचा होता. जांभळा रंग तयार करणारं जनुक त्याच्याकडे होतंच, मी त्याच्या जास्तीच्या प्रती आत घातल्या. हिशेब सरळ होता, जिवाणूत जेवढ्या प्रती जास्त तेवढं काम जास्त, मग झाडातही तसंच व्हायला हवं. झाडं फुलली, तर निम्मी पांढरी. काहींवर जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्या. विभागप्रमुखाने सगळ्यांना गोळा केलं आणि त्यांच्यासमोर मला विचारलं, की बियांच्या पाकिटांची अदलाबदल केली ते कबूल करतेस की नाही. मी केली नव्हती. मला कपाटावर पाठवलं ते तेव्हापासून. चार वर्षांनी बाहेर कोणाकोणाला तेच दिसलं. प्रती फार झाल्या की झाडाला संशय येतो आणि ते नव्या प्रतींबरोबर स्वतःची जुनीसुद्धा गप्प करून टाकतं. मी खरी होते. इथे कोणाला त्याचं काही नव्हतं.

हे म्हणाले, "त्या माणसाने तुला काय विचारलं होतं, आठवतं?"

"काही विचारलं नव्हतं. नुसता आळ घेतला."

"आणि तू या मुलीला काय विचारलंस?"

मी जेवणावरून उठले. ह्यांना माझं दुःख उगाळून मलाच पाजायचं आहे. माझ्याकडे पुरावा होता. त्या माणसाकडे काय होतं?

९ फेब्रुवारी

ह्यांच्याशी बोलत नाही. चौथा दिवस.

१० फेब्रुवारी

गॅस संपला म्हणून बोलावं लागलं.

२४ फेब्रुवारी

झिपरीने अपील केलं. २८ मार्चला सुनावणी. साहेबांनी मला जिन्यातच गाठलं. मी एप्रिलअखेर निवृत्त होतेय. समारंभ करायचं चाललंय, आणि कपाटाच्या खोलीला माझं नाव द्यायचं आहे. पाटी पितळेची. "तोवर हे मिटलेलं बरं," ते म्हणाले.

मी तिच्याच मनासारखं करायचं ठरवलंय. कुपी उघडते. त्यातलाही मेला, की त्या पोरीला बोलायला तोंड उरणार नाही.

२६ फेब्रुवारी

वाढला.

दहापट औषधाच्या प्लेटवर. कडेपासून कडेपर्यंत.

२७ फेब्रुवारी

पहिला विचार हाच आला, की तिने कुपी बदलली. सील बघितलं. लाख माझी, सही माझी, तारीख माझ्या हातची. फ्रीजरची किल्ली माझ्या कमरेला असते, आंघोळीला जाते तेव्हाही न्हाणीघराच्या खुंटीवर माझ्या डोळ्यांसमोर असते. दुसरी कुपी उघडली. तोच प्रकार. यंत्रावर घातला, अठरा.

ह्यांना सांगितलं नाही.

१६ मार्च

आज अडीच आठवड्यांनी लिहितेय. कुपीतला जिवाणू घेतला आणि माझ्या पद्धतीने वाढवला, फक्त पंधरा दिवसांऐवजी रोज पालट. साधी प्लेट. टपोरी कॉलनी. पाचव्या दिवशी मोजल्या तर अकरा प्रती. नवव्या दिवशी चार. तेराव्या दिवशी एक. आणि तोच जिवाणू पुन्हा नेहमीच्या मात्रेला पटकन मेला.

यात गूढ काही नाही. प्रती एकसारख्या असतात आणि शेजारी शेजारी असतात, त्यामुळे पेशी दोन होताना मधल्या गळून पडू शकतात. औषध असेल तर ज्याच्या गळल्या तो मरतो. औषध नसेल तर ज्याच्या गळल्या तो हलका होतो, जोरात वाढतो, आणि त्याची कॉलनी सगळ्यांत मोठी होते. ती मोठी कॉलनी मी उचलत होते. आठ महिने, दर पंधरा दिवसांनी, अठरा पंपवाल्यांना बाजूला सारून हलके झालेले निवडत होते, आणि बाहेर म्हणत होते की मी जपते.

मी नियमाप्रमाणेच केलं. यात माझा दोष काय, तेही कोणी सांगावं.

१७ मार्च

पाचवं प्रकरण वाचलं. पान चौऱ्याऐंशीवर तिने हाच प्रयोग केलाय, रोज पालट, चौदा दिवस. तिचा आलेख आणि माझा आलेख एकमेकांवर ठेवले तर दुसरा दिसायचा नाही.

पुढे वाचत गेले, थांबताच येईना. सहावं प्रकरण झाडांवर आहे. रस्त्याकडेच्या एका तणाबद्दल आहे, तणनाशकाने ते मरत नाही, कारण ते औषध ज्या जनुकाला अडवतं त्याच्या शंभरावर प्रती त्याने करून ठेवल्यात, आणि त्या जिवाणूसारख्या एका रांगेत नाहीत, सगळीकडे पांगलेल्या आहेत, म्हणून सहज गळत नाहीत. मग म्हणते, पण झाडात प्रती वाढल्या की गुण वाढतोच असं नाही, कधी उलटही होतं. उदाहरण म्हणून पांढरी फुलं. आणि खाली तळटीप, हा परिणाम सर्वांत आधी याच संस्थेत नोंदवला गेला, ग्रंथालयातील वार्षिक अहवाल पाहावा, त्या वेळी तो चुकीने नाकारला गेला. पुढे माझं नाव.

तो अहवाल ग्रंथालयाच्या तळघरात आहे. तो काढायला शिडी लागते. ती शिडी लावून चढली असणार, आणि मला कधी बोलली नाही.

मला राग आला. कोणी सांगितलं होतं हिला?

१९ मार्च

साधक-बाधक बघू. दोन्ही कुप्या संपल्या, बाकी जे आहे ते माझ्या हातात आहे. मी बोलले नाही तर कोणाला कळायचं कारण नाही. बोलले, तर प्रश्न एका जिवाणूचा राहणार नाही. चौदाशे बाराच्या चौदाशे बारा मी असेच सुखात ठेवलेत. त्यातल्या कोणी काय काय टाकून दिलंय, मला सांगता येणार नाही. तीस वर्षांत किती ठिकाणी मी ते पाठवले. लोकांनी त्यावर प्रबंध लिहिले.

ती तरुण आहे. दुसरीकडे लागेल. माझं काय आहे दुसरं?

२४ मार्च

पाच दिवस वही उघडली नाही. ह्यांनी आज विचारलं, "तुला बरं नाही का?" मी सगळं सांगून टाकलं. हे ऐकत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, बघ मी म्हटलं होतं. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मुलीचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

२५ मार्च

झिपरी दूधसंकलन केंद्रावर लागलीय. पांढरी टोपी, हातमोजे, खिडकीतून लोक कॅन पुढे करतात आणि ही त्यात पट्टी बुडवून दूध बरं की खराब ते सांगते. पदवीच्या उंबऱ्यावरची मुलगी. मला बघून ती हसली नाही. मी रांगेत उभी राहिले, माझा नंबर आल्यावर म्हणाली, "कॅन कुठाय?"

"मला तुझ्याशी बोलायचंय."

"इथे दूध तपासतात."

तरी मी सांगितलं, तिथेच उभी राहून, मागे माणसं खोळंबलेली. कुपी उघडली, अठरा निघाल्या, तू खरी होतीस. मी वाटेत ठरवत आले होते की ती रडेल, मग मी काय करायचं. ती पुढचा कॅन ओढून पट्टी बुडवत म्हणाली, "मला माहीत आहे."

"म्हणजे?"

"मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं. हे मला सांगायला तुम्ही बसचा प्रवास करून आलात?"

"मला वाटलं तुला आधी कळावं."

"आधी मला नाही कळायला हवं होतं, मॅडम. माझ्या आईला वाटतं मी खोटे आकडे लिहिले. तिने मला तोंडावर विचारलं, खरं सांग, लिहिलेस का. शेजारी विचारतात. ज्यांना तुम्ही ते वाक्य लिहून दिलंत त्यांना जाऊन सांगा." मग मागच्या माणसाला म्हणाली, "काका, तुमचं दूध नासलंय, पुढे या."

बसमध्ये बसल्यावर माझे कान तापले होते. एवढं काय बोलायचं? मी स्वतःहून गेले होते.

२८ मार्च

सांगितलं.

तेच टेबल, तेच पाच जण. झिपरी टोकाला, शेजारी तिची आई, हातात पर्स घट्ट धरलेली. मी आलेख दोन्ही पुढे ठेवले. म्हटलं, नमुना मी औषधाशिवाय ठेवला, त्यामुळे जास्तीच्या प्रती गळल्या. ही शक्यता हिने मला जानेवारीत तोंडी सांगितली होती आणि मी ती अहवालात लिहिली नाही. कुपी उघडा असं ती म्हणाली तेव्हा मी असं उत्तर दिलं की कुपी उघडली जाऊ नये. मूळ नोंदी संशयास्पद आहेत हे वाक्य मला कोणी विचारलं नव्हतं. ते मी तिचा राग येत होता म्हणून लिहिलं.

साहेब पेन टेबलावर आपटत होते. "तांत्रिक त्रुटी म्हणता येईल याला," ते म्हणाले.

"नाही म्हणता येणार. तांत्रिक त्रुटी पहिल्या अर्ध्या भागाची. पुढचं मी केलं."

"आणि बाकीचे चौदाशे अकरा?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे काहींचं काही बिघडलं नसेल. काहींचं बिघडलं असेल. कुठले कुठले ते प्रत्येकाची कुपी उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही."

साहेब शेजारच्यांशी कुजबुजायला लागले. झिपरीची आई उठून तिच्या जवळ सरकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी ते बघत राहिले. मला कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी बाहेर आले.

१२ एप्रिल

पदवी मिळाली. नोकरीही मिळाली, आणि नोकरी कसली, तर माझं कपाट तपासायची. एकेक प्रकार फ्रीजरमधल्या कुपीशी ताडून बघायचा. दोन वर्षं तरी लागतील. समारंभ होणार नाही. पाटीचं कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. लेखनिक बाई आता मला बघून फोन कानाला लावतात.

१५ तारखेपासून ती येणार. मी पंधरा दिवस तिच्याबरोबर असेन, कपाट तिच्या हवाली करायला.

१८ एप्रिल

ती काम चांगलं करते. मला ते आवडत नाही, पण करते. केस बांधून येते. दिवसाला बारा वाक्यं बोलते, सगळी नमुन्यांबद्दल. मी तिला एकदा म्हटलं, तळटीप वाचली मी. ती म्हणाली, "ती खरी होती म्हणून घातली." बस.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. सकाळी ह्यांनी इस्त्री केलेली साडी काढून ठेवली होती. ऑफिसात चार जण भेटून गेले, दोन मनापासून.

दुपारी नोंदवह्या सोपवल्या. आजवर साठ प्रकार ताडून झालेत, एकोणचाळीस जसेच्या तसे, एकवीस बदललेले. मी जे गृहीत धरलं होतं त्यापेक्षा जास्तच. चौदाशे बाराचं असंच प्रमाण राहिलं तर पाचशेच्या आसपास जातील. मी कपाटासमोर उभी होते. मला एकदम वाटलं की मला घरी जायचंच नाहीये. मी तिला म्हटलं, "मी येत जाईन रोज. काही नको मला. कुठला जिवाणू कसा हट्टी आहे, कोण उन्हाळ्यात रुसतो, हे वह्यांमध्ये नाही, माझ्या डोक्यात आहे. तुझं काम दोन वर्षांचं वर्षात होईल."

ती प्लेटांवर तारखा लिहीत होती. लिहायची थांबली.

"नको," म्हणाली.

"रागाने म्हणतेयस."

"राग आहे. पण त्यासाठी नाही म्हणत." तिने हात पुढे केला, हातमोज्यातला, बोटं पसरून. "हे बघा. तुम्ही सकाळी आत आलात की सुरू होतं. तुम्ही जेवायला गेलात की थांबतं. पंधरा दिवस मी महत्त्वाची सगळी कामं तुमच्या जेवणाच्या सुट्टीत केलीत. असल्या हाताने पालट करता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत आहे. कॉलनी उचलायची तारेची कडी जरा हलली तर शेजारच्या कॉलनीला लागते आणि सगळं एकत्र होतं. मी अशा हाताच्या माणसाला कपाटाजवळ फिरकू दिलं नसतं. तिचा हात खरंच थरथरत होता. ती तो लपवत नव्हती आणि दाखवून मला टोचतही नव्हती, मी विचारलं म्हणून सांगत होती.

मला माफी मागायची होती. इतके दिवस मी पुरावे दिले, कबुली दिली, वह्या दिल्या, ते एवढं राहिलंच होतं. तोंडातून निघालं, "वरच्या कप्प्याचं बिजागर सैल आहे, सांभाळून."

"बरं," ती म्हणाली.

मी किल्ल्या ठेवल्या आणि बाहेर आले. दार लोटलं, आणि बाजूच्या काचेतून बघत थांबले. थोड्या वेळाने तिने कडी ज्योतीवर धरली, थंड होऊ दिली, आणि प्लेटवर ओढली. रेघ सरळ आली.